आंबा घाटात तापणारी आमची १६१३ आणि उद्यमनगरचे मिस्त्रीमामा

आदरणीय मिस्त्रीमामा,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही केलेलं काम जुन्या गाड्या चालवणाऱ्या बाकीच्यांनाही कळायला हवं. नाव घालत नाही, "नाव नको, काम सांगा" असं तुम्हीच बजावलंय.

आमची टाटा १६१३, म्हणजे जुना मालट्रक, साखरप्याकडून जांभा चिरा भरून आंबा घाटानं कोल्हापूरला येते. सपाटीला तिची काही तक्रार नव्हती. घाट लागला, दुसरा गिअर पडला, की टेंपरेचरचा काटा लालाकडे सरकायचा. मग गाडी कडेला घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं आणि काटा उतरायची वाट बघायची. पावसाळ्यात धुकं असतं, मागून एसटी येत असते, त्यात भरलेली गाडी वळणावर उभी करणं किती जोखमीचं असतं ते घाटातल्या माणसालाच ठाऊक.

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात रेडिएटरची टाकी सोडवून नळ्या साफ झाल्या होत्या. वॉटर पंप नवा, होज पाईप नवे, फॅन बेल्ट नवा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकला होता. एवढं करूनही गाडी तापतेच म्हटल्यावर निकाल आला: हेड (सिलिंडरवरचं झाकण) गेलंय, इंजिन खोला. एका गाडीवर ज्याचं घर चालतं, त्याची हे ऐकल्यावर रात्रीची झोप जाते.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून थंड इंजिन सुरू करायला लावलंत आणि पाण्याकडे बघत राहिलात. पाण्यात बुडबुडे नव्हते. ऑइलची पट्टी ओढून बोटावर ऑइल चोळलंत, ते पांढरट झालेलं नव्हतं. "गॅस्केट (हेडखालची पॅकिंग) शाबूत आहे, हेडला हात लावायचा नाही," एवढंच म्हणालात. त्या एका वाक्यानं माझा किती खर्च वाचला!

नंतरचा प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता. "गाडी ओढते कशी?" ओढ कमी झाली होती, सकाळी सुरू करताना पांढरा धूर यायचा आणि चढाला काळा. आम्ही ते गाडीच्या वयावर घातलं होतं. तुम्ही म्हणालात, पाण्याचं दुखणं पाण्यातच असतं असं नाही. डिझेल उशिरा पडलं तर ते उशिरा जळतं, ताकद चाकाला जायच्या ऐवजी उष्णता सायलेन्सरला आणि सिलिंडरच्या भिंतींना जाते, आणि ती ओढून घेता घेता रेडिएटर दमतो.

मग डिझेल पंपावरचा पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी बसवलीत. मला हातपंप मारायला लावून स्वतः पुलीच्या बोल्टला पाना घालून क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हळूहळू फिरवत होतात. नळीतून डिझेलची धार पडत होती. धारेचे थेंब झाले, थेंब थांबला, आणि तुम्ही हात थांबवून खूण बघायला सांगितलीत. डिझेल जिथे थांबायला हवं होतं, ती खूण बरीच मागे राहिली होती. म्हणजे डिझेल पंप उशिरा चालत होता. डोळ्यांनी दिसलं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

टायमिंग कव्हर (क्रँक, कॅम आणि पंप जोडणाऱ्या गिअरवरचं झाकण) उघडल्यावर दुसरं कारणही सापडलं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) आणि पंपाची एक फेरी, हा हिशोब ज्या दातांवर चालतो तेच झिजले होते. तुम्ही माझा अंगठा गिअरवर ठेवून तो मागेपुढे हलवायला लावलात. तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, मला अजून बोटात जाणवतो. एकच गिअर बदलून स्वस्तात भागेल का, असं मी विचारलं. नवा दात जुन्या दाताशी नीट बसत नाही, गिअर रडायला लागतो, म्हणून सेटच बदलायचा, हे तुम्ही समजावून सांगितलंत. खुणा जुळवल्यावर हातानं क्रँक फिरवून त्या पुन्हा जुळतात का ते पाहिलंत, आणि मगच पंपाचं टायमिंग लावलंत.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या रस्त्यावर निम्मे ड्रायव्हर तो काढूनच चालवतात. तुम्ही नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडलात, शेजारी थर्मामीटर धरलात. ऐंशी अंशांच्या आसपास तो उघडायला लागला. पण खरी गोष्ट त्याच्या खालच्या चकतीत होती. वरची रेडिएटरची वाट उघडली की ती चकती खाली बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून थेट पंपात जाणारी वाट, बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर दोन्ही वाटा उघड्या राहतात आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच पंपात परत येतो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जे करतात, त्यानंच चढाला ती तापू शकते. हे मला कुणी आधी दाखवलं असतं तर!

या ६९७ इंजिनाविषयीही तुम्ही किती मायेनं बोललात. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ६९७. टाटांचा डेम्लर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ होता, त्या घराण्यातलं हे इंजिन. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४ तुम्ही माझ्या क्लीनरकडून पाठ करून घेतलीत. नव्या गाड्यांना स्कॅनर लावतात ते चांगलंच आहे, पण आमच्या गाडीचा दोष वाचायला तुमचे कान आणि तो डिझेलचा थेंबच लागतो.

जुने पार्ट पिशवीत घालून परत दिलेत, पार्टच्या दुकानाची पावती माझ्या हातात ठेवलीत आणि मजुरी सांगताना दोनदा विचार केलात. कमीच सांगितलीत. ते लक्षात आहे.

"रिकाम्या गाडीवर मला काही सांगू नका, चिरा भरून घाट चढवा आणि मग फोन करा," असं म्हणाला होतात. फोन केला तेव्हा गाड्यांच्या आवाजात धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो: भर उन्हात, पूर्ण लोड घेऊन, साखरप्यापासून आंब्यापर्यंत गाडी एकदाही थांबवावी लागली नाही. काटा मधेच होता. सकाळचा पांढरा धूर गेला, डिझेलही कमी लागतंय, आणि टायमिंग कव्हरचं सील कोरडं आहे.

क्लीनर पोराला तुमच्याकडे काम शिकायचंय. पावसाळ्यात चिऱ्याचं काम थंडावतं, तेव्हा पाठवला तर चालेल का, तेवढं कळवा.

आपला,
साखरप्याचा एक गाडीमालक