मशीन चिनी आहे, तरी वापरा

पुणे, २० जुलै २०१७

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पार्सल शनिवारी पोचेल. बीपीचं मशीन आहे. बाबा, आधीच सांगते, चिनी आहे. खोक्याच्या बुडाशी लिहिलंय. तेवढी चिठ्ठी नखाने खरवडायला घेतली होती, अर्धी निघालीही. मग लाज वाटली.

डोकलामला सीमेवर चिनी सैन्य समोर उभं असल्याच्या बातम्या ऐकून तुम्ही चार्जिंगची बॅटरी दुकानात परत नेऊन दिलीत म्हणे. त्याने तर तो माल आधीच पैसे मोजून भरलेला! आणि आता अंधारात धुऱ्याधुऱ्याने घरी येता. पावसाचे दिवस, काय काय निघतं वावरात.

दुसरी मशीनं पाहिली, खरंच पाहिली. पण तुमच्या दंडाला पट्टा पुरतो आणि आकडे चष्म्याशिवाय दिसतात ते हेच. त्या दिवशी पऱ्हाटीत चक्कर येऊन बसलात, ते मला चार दिवसांनी कळलं.

आजोबांचा कोट मलाही पाठ आहे. आर्वीच्या बाजारात होळीत टाकला, आणि आजी जन्मभर म्हणायची, "पैसे तं विलायतले कधीचेच पोचले होते, जळला तो आपला कोट." त्यावर तुमचा बाबू गेनू ठरलेला. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, विदेशी कापडाची लॉरी, पुढे बावीस वर्षांचा गिरणी कामगार. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून मी दर वेळी वाट पाहायचे, आज तरी लॉरी थांबेल.

गेल्या गुरुवारी चीनमधले लेखक लिऊ श्याओबो गेले. कॅन्सरने, शेनयांगच्या दवाखान्यात, कैदेतच. लोकशाही मागितली म्हणून अकरा वर्षांची शिक्षा; २०१० चं नोबेल ऑस्लोत रिकाम्या खुर्चीवर ठेवावं लागलं. बातमी वाचली तेव्हा मशीन समोरच होतं. परत करावंसं मलाही वाटलं, बाबा. पण त्याच नोबेलच्या रागात चीनने नॉर्वेहून येणाऱ्या सामन (सॅल्मन) माशाची कोंडी केली होती. म्हणजे बहिष्कार त्यांनाही येतो. आणि ज्यांच्यासाठी आपण रागावायचं, ते लिऊ कोर्टासाठीच्या निवेदनात लिहून गेले की माझा कुणी शत्रू नाही. गांधीजीसुद्धा १९३१ मध्ये लँकेशायरला गेलेच ना, आपल्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला? हा पट्टा शिवणाऱ्या बाईवर मला काही रागावता आलं नाही.

दिवाळीच्या माळा नका घेऊ, मीही घेणार नाही. पण हे औषधपाण्यातलं आहे.

सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं. बोलायचं नाही. आकडा आई तू कॅलेंडरवर लिही, बाबा कमी लिहितील. तुझंही मोज. लोणच्याची एकच फोड, तीही लहान. डवरणीला माणूस लावा, पैसे खात्यात टाकलेत. रागावला असाल तर फोनवर रागवा, पण मोजून झाल्यावर.

तुमची
बेबी

ता. क. सेल देशी टाकलेत. वेष्टन सोबत ठेवलंय, पाहून घ्या.