जुना विषय म्हणजे कालबाह्य नव्हे

महोदय,
विद्यापीठांच्या संशोधन-नियतकालिकांनी ‘कालबाह्य’ विषय सोडावेत, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. ही सूचना पटत नाही. गुस्ताफ कार्स्टेन यांनी १८९७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ‘जर्नल ऑफ जर्मॅनिक फिलॉलॉजी’ हे जर्मॅनिक भाषा-साहित्याच्या अभ्यासाचे नियतकालिक सुरू केले. १९०३ मध्ये त्याच्या नावात इंग्रजीची भर पडली आणि पुढे ते इलिनॉय विद्यापीठात स्थिरावले. आधुनिक काळापर्यंतच्या इंग्रजी-जर्मन साहित्याचा पसारा दीर्घकाळ सांभाळणाऱ्या या त्रैमासिकाने नंतर आपले क्षेत्र वाढवले नाही, उलट उत्तर युरोपच्या मध्ययुगापुरते आटोपते घेतले, आणि ते आजही निघते. त्यातला ग्रंथपरीक्षणांचा भरगच्च विभाग मला तरी लेखांइतकाच मोलाचा वाटतो, कारण जुन्या संहितेची कोणती आवृत्ती विश्वसनीय आहे, हे तिथेच कळते. नियतकालिके बंद पडतात ती विषय जुना असल्यामुळे नव्हे, तर संपादक निवृत्त झाल्यावर विद्यापीठ हात वर करते म्हणून. सकळ या सांकेतिक लिपीतील महानुभाव पंथाच्या पोथ्या वाचणाऱ्या आपल्या अभ्यासकांसाठी राज्यातील एखाद्या विद्यापीठाने असे त्रैमासिक काढावे आणि संपादन-छपाईची कायमस्वरूपी तरतूद आपल्या अर्थसंकल्पातच करावी.

— एक वाचक, सातारा