मायक्रोबायोलॉजी विभागाचे जाहीर आभार

आदरणीय मॅडम आणि लॅबमधील सर्व तंत्रज्ञ,

मेलिऑइडोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचं निदान वॉर्डात होत नाही, ते तुमच्या टेबलावर होतं. मधुमेही रुग्ण, न्यूमोनिया, प्लीहेत गळू, एवढ्यावरून आम्ही फार तर संशय घेऊ शकतो.

आमच्या रुग्णाच्या नमुन्यावर ‘स्युडोमोनास स्पीशीज’ (स्युडोमोनास गटातला कुठलातरी जंतू) लिहून रिपोर्ट पाठवून देणं सोपं होतं. जंतू ओळखणारं मशीन तर बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा वेगळाच जंतू म्हणत होतं, आणि मशीनची ही गल्लत नेहमीची. तुम्ही ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या त्या ग्राम-निगेटिव्ह जंतूवर अँटिबायोटिकच्या तीन साध्या डिस्क लावल्या. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन, दोन्हींभोवती झोनच नाही, म्हणजे जंतू थेट डिस्कपर्यंत वाढलेला. को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती मात्र मोठा, स्वच्छ झोन. स्युडोमोनास एरुजिनोसा सहसा याच्या नेमका उलट वागतो. हे त्रिकूट जुळलं की बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय, म्हणजे मेलिऑइडोसिसचाच जंतू, धरूनच चालायचं, हे तुमच्यामुळे आमच्या डोक्यात पक्कं बसलं. पहिल्या दिवशी गुळगुळीत दिसणाऱ्या कॉलनी पुढे कोरड्या, सुरकुतलेल्या होतात. त्यासाठी प्लेट फेकून न देता ठेवावी लागते, तीही वास न घेता, सेफ्टी कॅबिनेटमध्येच हाताळून. रक्तात जंतू सापडला तरी घशाचा स्वॅब, लघवी आणि पू तुम्ही मागून घेतलात आणि ॲशडाउन या खास याच जंतूसाठीच्या माध्यमावर लावलात.

सर्वांत मोलाचा ठरला तो छापील रिपोर्टच्या आधी आलेला तुमचा फोन. सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक इथे पुरत नाही, तो सुरू असेल तर लगेच बदलायला हवा: सेफ्टाझिडिम २ ग्रॅम दर ६ तासांनी किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी (किडनी ठीक असेल तर), शिरेतून किमान १४ दिवस, खोल गळू असेल तर ४ आठवडे किंवा जास्त. पुढे को-ट्रायमोक्साझोल किमान ३ महिने, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून. हा दुसरा टप्पा अर्धवट सुटला की आजार उलटतो.

योग्य औषधावरही ताप आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतो. ‘ताप आहे म्हणून अँटिबायोटिक बदलू नका, आधी पोटाचा आणि ओटीपोटाचा सीटी करा, पुरुष रुग्णात प्रोस्टेट बघा,’ हा तुमचा सल्ला आता आमच्या राउंडमध्ये रोज निघतो.

यापुढे असा नमुना पाठवताना फॉर्मवर ‘मेलिऑइडोसिसचा संशय’ ठळक लिहून येईल, म्हणजे बाटली उघडण्याआधीच तुमच्या माणसांना कळेल.

आपले कृतज्ञ,
मेडिसिन वॉर्डातील निवासी डॉक्टर