गुरुवारच्या परेडआधी

प्रिय दिल्या,

तीन महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. दोनदा फोन केलास, तोही उचलला नाही. रागावला असशील तर भेटल्यावर दोन शिव्या घाल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. माझी शुगर आटोक्यात आहे, आईचे गुडघे तसेच, बाकी सगळे मजेत. हे फोनवर बोलायला गेलो असतो तर तू दर वाक्याला "हां, मग?" करत राहिला असतास आणि मुख्य गोष्ट राहूनच गेली असती.

भाऊ गेले. आपले किराणावाले भाऊ, ज्यांच्याकडची चिक्की तू उधारीवर खायचास आणि पैसे माझ्या खात्यावर मांडायला सांगायचास. रात्री साडेदहाला दुकान वाढवत होते. मोटारसायकलवरून दोघे आले, गल्ल्यावरून झटापट झाली, पोटात चाकू लागला. आठव्या दिवशी दवाखान्यातच गेले.

मी तेव्हा समोर टपरीपाशी उभा होतो, वीस पावलांवर. शटर अर्धं खाली होतं, ट्यूबलाइट आत. एक जण वाकून शटरखालून बाहेर आला, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पळाला. उजेड त्याच्या पाठीमागे. किती वेळ बघितलं म्हणशील, तर तू "एक, दोन" मोज, तेवढाच.

जबाबात सांगितलं की सडपातळ होता, पंचविशीचा असेल. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "परत दिसला तर ओळखाल ना?" शेजारच्या बाकावर भाऊंचा मुलगा बसला होता, डोक्याचं मुंडण केलेलं, टॉवेल गुंडाळलेला. मी हो म्हणालो. दिल्या, त्याच्यासमोर नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

पुढचं ऐक. परवा एक पोलीस चहाच्या दुकानात भेटला. खिशातून मोबाइल काढला आणि फोटो समोर धरला. "काका, हाच ना?" मी बघितला. गालावर तीळ, डावी भुवई मध्येच तुटलेली. मी काहीच बोललो नाही. तो खांद्यावर थोपटून गेला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुरुवारी सकाळी दहाला सेंट्रल जेलमध्ये ओळख परेड, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्यांतून त्या रात्रीचा माणूस ओळखायचा.

आता माझी गोची समजून घे. डोळे मिटले की शटरखालून वाकून जो बाहेर येतो, त्याच्या गालावर तीळ असतो, भुवई तुटलेली असते. त्या रात्री मला तीळ दिसला होता का? एवढ्या अंधारात? मी टपरीपाशी रात्री साडेदहाला मुद्दाम जाऊन उभा राहिलो, समोरून येणाऱ्या प्रत्येकाची भुवई बघत. एकाचीही दिसली नाही. पण डोक्यातल्या माणसाची मात्र दिसते, लख्ख. आधीचा चेहरा गेला, त्याच्या जागी मोबाइलमधला येऊन बसला.

परेडला म्हणे एका संशयितामागे निदान सहा डमी उभे करतात, साधारण त्याच वयाचे, त्याच चणीचे. नायब तहसीलदार घेतात, पोलिसांना आत थांबू देत नाहीत. सगळं नियमानं. पण मी त्या सातांमधून कोणाला शोधणार? मला फोटोतला माणूस सापडेल, एका सेकंदात सापडेल. आमच्या वकिलांना विचारलं, तर म्हणाले, परेड हा नुसता तपासाचा भाग, खरी साक्ष कोर्टातली. बरोबर असेल. पण एकदा परेडमध्ये बोट ठेवलं की कोर्टात ते मागे कोण घेतो रे? आणि खुनाचं कलम आता १०३ म्हणतात, आपलं जुनं ३०२. जन्मठेप नाहीतर फाशी, तिसरी शिक्षा त्यात नाही.

तुला बेलतगव्हाण आठवत असणार. आपलं सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरूनच. जून २००३, इथून हाकेच्या अंतरावर, शिवारातल्या झोपडीत पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. अख्खं नाशिकरोड पेटलं होतं आणि त्यात मी पुढे. २००६ साली इथल्या कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, तेव्हा मी तुझ्या घरी ताटावर बसून हायकोर्टाला नको ते बोललो होतो. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी सुनावली आणि मी तुला मुद्दाम फोन करून ते सांगितलं. तू एवढंच म्हणालास, "सुन्या, माणसं तीच आहेत का, ते तरी बघितलं का कोणी?" मी फोन आपटला. दोन दिवाळ्या आपण एकमेकांकडे फराळाला गेलो नाही.

पुढे त्याच कोर्टाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला, सगळं नव्याने ऐकलं आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सोडले. सोळा वर्षांनी! त्यातला एक तर घटनेवेळी अल्पवयीन होता, हे ठरायला २०१२ उजाडलं. भटक्या जमातीतली, मोलमजुरी करणारी माणसं. कोर्टाने स्वच्छ लिहिलं की अशा गोरगरिबांना गंभीर गुन्ह्यात गोवलं जातं, तसं इथेही झालेलं असू शकतं. सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. २००९ नंतर दोर ओढला असता, तर २०१९ साली सोडायला कोणाला बोलावलं असतं?

पण या आठवड्यात मला त्यातली एकच गोष्ट झोपू देत नाही. त्या घरातली वाचलेली आई, तिने घटनेनंतर दोन दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधून चार माणसांचे फोटो ओळखले होते. चार वेगळी माणसं. त्यांना ना पकडलं, ना त्यांचा तपास केला, आणि ही गोष्ट खटल्यात दाबून ठेवली. पुढे फाशीची शिक्षा झाली ती दुसऱ्याच सहा जणांना. त्या माउलीला मी दोष देणार नाही. तिचं घर तिच्या डोळ्यांदेखत संपलं होतं. तिच्यासमोर कोणाला आणून उभं करायचं, हे ठरवणारे वेगळे होते. आणि मी, ज्याचं काहीच गेलेलं नाही, तो सहा वर्षं "टांगा, टांगा" म्हणत होतो.

हॉस्टेलच्या मेसमधल्या सुभाषचं तुला सांगायला नको. पैसे चोरल्याच्या संशयावरून रेक्टरांच्या खोलीत, ओले हात बनियनला पुसत तो उभा होता, आणि मी म्हणालो, "सर, हाच. मी पाठीवरून ओळखतो." पाठीवरून! तू शेजारी होतास. तुला खात्री नव्हती, हे मला तुझ्या तोंडावर दिसत होतं, तरी तू मान हलवलीस, कारण मी बोललो होतो. नंतर ते पैसे ट्रंकेच्या अस्तरातच सापडले तेव्हा तू एकटा एसटीने त्याच्या गावी गेलास. मी आलो नाही, परीक्षेचं कारण सांगितलं. तो तुला भेटला की नाही, हे तू आजपर्यंत सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारतोय. भेटला होता का रे?

मी ठरवलंय की परेड सुरू होण्याआधी नायब तहसीलदारांना सांगायचं, मला आधी फोटो दाखवलाय, माझी ओळख आता धरू नका. लिहून घ्या म्हणायचं, नाही घेतलं तर सही करायची नाही. हे बोलायला सोपं आहे. भाऊंचा मुलगा रोज संध्याकाळी येतो, माझ्या आईच्या पाया पडतो आणि म्हणतो, "काका, सगळं तुमच्यावर." गल्लीत लोक आधीच म्हणताहेत, काका आहेत म्हणजे आरोपी सुटत नाही. आणि दिल्या, तो खराच असला तर? भुवई तुटलेला तोच असला, आणि माझ्यामुळे सुटला, तर मी त्या पोराला काय तोंड दाखवू? रात्री दोनला उठून पाणी पितो, तेव्हा हाच विचार असतो. पण मला माहीत नाही, हेच एक मला नक्की माहीत आहे, आणि शपथेवर तेवढंच सांगता येईल.

मुक्ताला ९१ टक्के पडल्याचं वहिनींनी हिला सांगितलं, तिला माझ्याकडून शाबासकी. सायन्सच घे म्हणून मागे लागू नकोस, तुझं सायन्स मी प्रॅक्टिकलला बघितलंय, अख्ख्या लॅबच्या खिडक्या उघडाव्या लागल्या होत्या. सोसायटीच्या लिफ्टचं काय झालं ते कळव.

जमलं तर बुधवारी संध्याकाळच्या पंचवटीने ये. स्टेशनवर मी असेन. आत तुला सोडणार नाहीत, पण सकाळी गेटबाहेर उभा राहा. भाऊंचा मुलगाही तिथे असणार, आणि बाहेर आल्यावर त्याच्याशी मला बोलायचंय.

तुझा,
सुन्या