परतणारी पेशी

प्रिय सुधीर,

उत्तराला फार उशीर झाला. पाठ अजून दुखते, पण ते असू दे. आज लिहितो आहे ते एका न्यूट्रोफिलपायी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीपायी, आणि हे तुझ्याखेरीज कुणाला सांगून उपयोग नाही.

झेब्राफिश या माशाच्या अळीच्या शेपटीला छेद दिला होता आणि पेशी नेहमीप्रमाणे जखमेकडे निघाल्या. त्यांतली एक कडेपर्यंत पोहोचली, जरा घुटमळली, पुढे पसरलेला पाय तिने आवरला, मागच्या अंगाने नवा काढला आणि आल्या वाटेने चालू लागली. ही माघार २००६ पासून नोंदलेली आहे, हे तू लगेच ऐकवशील. माझा प्रश्न निराळा आहे. तिला ‘जा’ असा संदेश मिळाला, की ‘ये’ म्हणणाऱ्या संदेशाला ती बधिर झाली आणि नुसती भटकू लागली?

दुसरे शक्य आहे, हे नाकारता येत नाही. सतत उत्तेजन मिळाले की जीआरके२ हे एन्झाइम पेशीवरच्या, संदेश टिपणाऱ्या रिसेप्टरांना गप्प करते. उंदरांवरच्या २०२१ च्या अभ्यासात ते काढून टाकल्यावर न्यूट्रोफिल थांबेनात. ते जास्त जागा फिरले, पण जिवाणूंना आवर घालण्यात कमी पडले. म्हणजे बधिर होणे हेही कामाचेच. शिवाय गच्चीच्या कठड्याला टेकलेला माणूस कोणत्याही दिशेला पाऊल टाको, ते आतच पडणार. मग जखमेच्या कडेवरून निघालेली भटकंती आपल्याला माघार वाटली, तर नवल काय?

तू मात्र जुन्या भांडणात ठाम होतास की पेशी दिशा मोजते. पेशींच्या हालचालीचा अभ्यास करणाऱ्या जिगमंडबाईंनी १९७७ मध्ये दाखवले की पेशीच्या दोन टोकांपाशी रासायनिक संदेशाच्या तीव्रतेत सुमारे एक टक्का फरक असला तरी न्यूट्रोफिलला तो कळतो, आणि तू ते वाक्य मला चहाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकवलेस की मी कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जात असे. (हीसुद्धा माघारच, पण तिचे कारण स्पष्ट होते.) पण इतकी तल्लख पेशी दूर ढकलणाऱ्या संदेशाच्या तीव्रतेची चढण ओळखत असेल, तर ती चढण कशाची, हे तू कधीच सांगितले नाहीस.

तुझी बदली झाल्याचे कळले, अभिनंदन, मुलीलाही आशीर्वाद. मार्गांचे आकडे सोबत पाठवतो आहे. कडेपासून दूर गेल्यावरही पेशी सरळ चालत राहतात की वळणे घेऊ लागतात, तेवढे आधी पाहा. सरळ निघाल्या, तर तू जिंकलास. पण मग त्या संदेशाचे नाव तुलाच शोधावे लागेल.

तुझा,
अविनाश