दात दुखत नाही म्हणून थांबू नका

महोदय,

दुखत नसलेल्या दाताकडे काणाडोळा करण्याची आपली सवय मुळाच्या आतल्या झिजेत, म्हणजे मूळ आतून पोखरले जाते तेव्हा, फार महागात पडते. दाताला मार बसला किंवा कीड खोल गेली की आतल्या नसेला, म्हणजे पल्पला, रेंगाळणारी सूज येते. पल्प ज्या पोकळ नळीत असतो त्या कालव्याच्या भिंतीवरचे संरक्षक अस्तर जाते आणि पल्पमधल्या पेशी आतून डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण थर, पोखरू लागतात. झिजेपलीकडचा, मुळाच्या टोकाकडचा पल्प जिवंत असेपर्यंतच हे चालते, म्हणून दात बहुधा शांत असतो. पल्प काढला की त्या पेशींची रसद तुटते. गेलेले डेंटिन मात्र परत येत नाही. निदान पक्के झाल्यावरही ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

गफलत होते ती निदानात. दातावरची गुलाबी झाक हा आतल्या झिजेचा पुरावा समजला जातो, पण हिरडीलगत बाहेरून झिजणारा दातही गुलाबी दिसतो. एक्स-रे दोन कोनांतून घ्यावा. आतल्या झिजेचा डाग गुळगुळीत व फुगीर असतो, कालव्याच्या कडा त्यात विरतात आणि कोन बदलला तरी तो कालव्यावरच राहतो. बाहेरच्या झिजेत डाग सरकतो, कालव्याची रेघ त्यातून दिसत राहते. मुळाला भोक पडले आहे का, हे साध्या एक्स-रेवर खात्रीने सांगता येत नाही. तिथे त्या भागापुरता सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, काढावा.

उपचार रूट कॅनालचाच, पण नेहमीच्या पद्धतीने भागत नाही. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून दात उघडला की भळभळ रक्त येते. सगळा पल्प निघाल्यावर ते थांबायला हवे. थांबले नाही तर पल्प उरला आहे किंवा भोक आहे. कालवा घासणारी बारीक सुई, म्हणजे फाइल, झिजेने झालेल्या फुगवट्याच्या कोपऱ्यांत पोहोचत नाही, म्हणून हायपोक्लोराइट हे जंतुनाशक द्रावण अल्ट्रासॉनिक कंपनांनी खेळवावे लागते. भोक असल्यास हे द्रावण सौम्य वापरावे आणि दाब देऊ नये, नाहीतर ते हाडात शिरून असह्य वेदना आणि सूज येते. मग एक-दोन आठवडे कालव्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध ठेवावे.

कालवा भरताना गटापर्चाची (रबरासारख्या भरण-पदार्थाची) एकच काडी बसवली तर फुगवटा पोकळच राहतो. आधी टोकाकडचे 4-5 मिमी बंद करून वर गरम, मऊ गटापर्चा दाबून भरावे. भोक असेल तिथे एमटीए किंवा बायोडेंटिन ही दाताची सिमेंटे वापरावीत. पुढच्या दातांत बिस्मथयुक्त एमटीएने काळपटपणा येतो, शिवाय ते घट्ट व्हायला काही तास लागतात. बायोडेंटिनला साधारण 12 मिनिटे पुरतात.

रुग्णांनी भरल्यानंतरचा एक्स-रे मागून पाहावा. फुगवट्यात काळी फट दिसली तर तिथेच विचारावे.

– रूट कॅनाल उपचार करणारे दंतवैद्य