साउंडवाल्या नानांना, कानबाईच्या रविवारबद्दल

नाना, राम राम.

तुम्ही एक रुपया घेतला नाही, वरून "कोनले सांगू नको" म्हणाले. पण मी सांगणारच, नाव तेवढं टाकत नाही.

गल्लीने वर्गणी काढून जुने बॉक्स घेतले, दोन बेस, दोन टॉप, सगळे पॅसिव्ह (आत स्वतःचं अ‍ॅम्प नसलेले), आणि एक दोन चॅनलचं अ‍ॅम्प. कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली श्रावणातली देवी, बसायला तीन तास उरले होते. मी कुठंतरी ऐकलं होतं की ब्रिज केलं, म्हणजे अ‍ॅम्पचे दोन्ही चॅनल मिळून एक केले, की पावर वाढते, म्हणून चारही बॉक्स एकाला एक जोडून ब्रिजवर टाकले. पाच मिनिटात लाल लाईट, आवाज बंद, अ‍ॅम्पला हात लावला तर तवा! पोरं म्हणे मशीन उडालं, आणि वर्गणीचा हिशोब माझ्याकडेच होता, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

तुम्ही अमळनेरहून गाडीवर आले आणि पहिलं वाक्य होतं, "काय करी ऱ्हायना रे भो?" मग अ‍ॅम्पकडे न बघता बॉक्सच्या मागे मीटर लावलं. मीटर सहाच्या आसपास दाखवत होतं तर मी म्हटलं सहा ओहम (हा स्पीकरचा विरोध, तो जितका कमी तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त), तुम्ही हसले, म्हणे मीटर कमीच दाखवतं, ८ ओहमचाच आहे. मग माझ्याकडूनच हिशोब करून घेतला, ८ चे दोन पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) म्हणजे ४, चार पॅरलल म्हणजे २. आपलं अ‍ॅम्प एका चॅनलला ४ च्या खाली चालत नाही, ब्रिजला तर ८ लागतात, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच लोड दिसतो. म्हणजे मी त्याला १ ओहम दाखवत होतो. बिचाऱ्याने स्वतःला बंद करून घेतलं म्हणून वाचलं.

नंतरचं काम तुम्ही मलाच करायला लावलं, तुम्ही नुसते खुर्चीत. अ‍ॅम्प थंड होऊ दिलं, मागचं बटन ब्रिजवरून स्टिरिओवर. मिक्सरमधून क्रॉसओव्हर (खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणारं मशीन), त्याचं लो ए चॅनलला, हाय बी चॅनलला, कट १०० हर्ट्झच्या जरा वर. ए वर दोन्ही बेस, बी वर दोन्ही टॉप, दोन्हीकडे ४ ओहम. चालू करताना अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, नाहीतर फटका थेट स्पीकरला बसतो.

तरी बेसला दमच नव्हता. मी तर आवाज वाढवायला निघालो होतो, तुम्ही हात धरला. खिशातून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला, एका बेसला लावला तर पेपर (स्पीकरचा पडदा) बाहेर आला, दुसऱ्याला तसाच लावला तर आत गेला. कुणीतरी आतल्या वायरी उलट्या जोडलेल्या, एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, बेस हवेतच मरत होता. वायर पलटली आणि शेजारच्या घराची पत्र्याची खिडकी वाजायला लागली. खरं सांगतो, मला तिथं रडूच यायचं बाकी होतं.

आणि बायांची गाणी! आधी माईकवर गाणं म्हटलं की बेसमधून घुमायचं, शब्दच कळायचे नाहीत. आता बेसकडे फक्त खालचं जातं आणि आवाज टॉपमधून येतो, तर गल्लीच्या टोकापर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला. दहाला साउंड बंद केला, नियमच आहे, मग बायांनी रात्रभर तसंच जागरण केलं आणि ते माईकपेक्षा भारी झालं, हे पण कबूल करतो. सोमवारी विसर्जनाला परत लावलं, अ‍ॅम्प कोमटच राहिलं.

आमच्याकडे रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदकीतच खातात, म्हणून तुम्हाला नुसत्या चहावर पाठवावं लागलं, ते आईच्या मनाला लागून राहिलंय. ती म्हणते हिवाळ्यात भरताची वांगी आली की काकूंना घेऊन या, कळण्याची भाकरी करते. तुमचा तो पेन्सिल सेल माझ्याच खिशात राहिलाय, तेव्हाच देतो.